शांताआक्का, तुझ्यासाठी मी गप्प उभा राहणार नाही

शांताआक्का,

येत्या शनिवारी हिंगोलीत तुझ्यासाठी सगळ्या सभागृहानं दोन मिनिटं गप्प उभं राहायचं ठरलं आहे.

परवा बालशिक्षण परिषदेच्या संयोजक सरांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "उद्घाटनाच्या आधी कैलासवासी शांताबाईंना श्रद्धांजली ठेवली आहे. फोटो, हार, दोन मिनिटं मौन. तू त्यांच्या जवळचा होतास, हार तूच घाल." मी "हो सर" म्हणालो. मग धीर करून विचारलं, "सर, आणि आमचं सत्र?" ते म्हणाले, "अरे, ते दोघांचं होतं ना? त्या गेल्या, आता कसलं सत्र? ती वेळ आपण दुसऱ्यांना दिली."

फोन ठेवल्यावर आधी मला हसू आलं. खरं सांगतो. तुझ्यासाठी मौन! जिच्या अंगणवाडीचा गलका फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांना ऐकू यायचा, जिला गावातली माणसं "नाव शांता आन तोंड पाहा" म्हणून चिडवायची आणि जी त्यांना "नाव मह्या बापानं ठिवलं, तोंड महं हाय" असं परतवायची, तिच्यासाठी मौन. मग हसू गेलं आणि राग आला. राग आला की काय करायचं असतं ते मला अजून नीट जमत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. मधेच अडखळलो तर सांभाळून घे.

हे दुसरेही कोणी वाचतील, म्हणून थोडं सांगतो. तू आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. तुझी नोकरी जुनी, पण शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं. चाळिशी उलटल्यावर तू ते पुन्हा धरलंस आणि हिंगोलीला बालशिक्षणाच्या त्याच वर्गात येऊन बसलीस, जिथं मी होतो. वर्गात सगळ्यात मोठी तू आणि पोरगा एकटा मी. बाकीच्या मुली आपल्या दोघांकडंही सारख्याच नजरेनं बघायच्या. शेवटच्या बाकावर आपण एकत्र आलो ते काही मैत्रीनं नाही. जागा तिथंच होती.

मी या शिक्षणाला कसा आलो हे तू मला कितीदा विचारलंस. दुसऱ्या कशात नंबर लागला नाही, हे खरं उत्तर. पण थोड्याच दिवसांत मला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडतं हे सांगायची लाज वाटायची. चौकातल्या हॉटेलवर बसणारा गजानन एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बे, लेकरं धुवायचं कॉलेज कुठवर आलं? झबले शिवून राहिला का आता?" सगळे हसले. मी पण हसलो. तू मागून येत होतीस, कडेवर पोषण आहाराचा खोका. थांबलीस.

"गजानन, तू जलमला तवा मिशा घिऊनच आलता का? तुला बी कोणीतरी धुतलंच असंन. पायजे तर तुह्या मायला इचारू, आत्ता?"

हॉटेलवाल्याच्या हातातला चहा हसता हसता बशीत सांडला. आणि तू माझ्याकडं वळलीस. "आन तू काहून हसून राहिला रे? त्यानं तुला हाणलं आन तूच दात काढून राहिला?"

गजाननपेक्षा मला तेच जास्त लागलं होतं.

आपलं भांडण सुरू झालं ते 'हाताची घडी, तोंडावर बोट' यावरून. मी अंगणवाडीत होतो तेव्हा तुझ्या आधीच्या ताई होत्या. वाईट नव्हत्या. पण दिवस त्या एका हुकुमानं सुरू व्हायचा आणि त्यानंच संपायचा. सगळ्यात जास्त वेळ तसं बसून राहणाऱ्या लेकराला त्या पुढं उभं करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, किती शहाणा आहे." तो शहाणा मी. आईला त्याचं केवढं कौतुक! आमच्या घरात मोठ्या माणसासमोर, सायबासमोर कोणी तोंड उघडलेलं नव्हतं. न उघडण्यातच आमचं भलं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. पोरगं ते शाळेत जायच्या आधीच शिकलं, मग तिला आनंद होणारच.

पुढं मला वर्गात काही विचारायचं असलं की हात वर जायचा नाही, ओठांकडं जायचा. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. तू बघितलंस. मॅडमनी प्रश्न विचारला होता, मला उत्तर येत होतं आणि माझं बोट ओठांवर होतं. तू बाकाखालून माझ्या पायावर पाय दिलास. "काढ ते बोट. का म्या काढू?" इतक्या मोठ्यानं कुजबुजलीस की मॅडमनी तुलाच उभं केलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला येत न्हाई मॅडम, पर ह्याला येतंय."

तुझ्या अंगणवाडीत तो हुकूम बंद होता. मदतनीस मावशीला बंद, सरावाला आलेल्या मला बंद, नातवंडांना न्यायला आलेल्या आज्यांनाही बंद. आणि मग त्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडमची गाडी न सांगता दारात येऊन थांबली. आत लेकरांनी ताटल्यांचा बँड लावलेला. एक जण वजनकाट्यावर उभा राहून भाषण ठोकत होता. तू घाबरलीस. तुला घाबरलेली मी तेवढीच एकदा बघितली. आणि तुझ्या तोंडून निघून गेलं, "हाताची घडी..."

सगळी लेकरं थांबली. तू कधी शिकवलं नव्हतंस तरी त्यांना ते येत होतं. घरी मोठ्या भावंडांबरोबर शाळा-शाळा खेळताना शिकलेली. निम्म्यांनी हात दुमडलेसुद्धा. आणि त्यांच्यातली चिंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आक्का, तूच म्हनली ना, बोट नाकात बी घालायचं न्हाई आन तोंडावर बी ठिवायचं न्हाई?"

तू चिंगीकडं बघितलंस, मॅडमकडं बघितलंस. मग स्वतःच मांडी घालून खाली बसलीस, हाताची घडी घातलीस आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलंस. लेकरं अशी ओरडली की भिंतीवरची पाल पळाली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांची गाडी गेल्यावर तू बराच वेळ पदरानं तोंड पुसत होतीस. मला म्हणालीस, "पाहिलं का? मह्या बी पोटात बसलंय ते. हाकललं तरी जात न्हाई."

त्या दिवशी तू मला सगळ्यात जास्त आवडलीस. हे तुला सांगायला पाहिजे होतं.

पण आक्का, तू सगळ्या बाबतीत बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. आता गावात सगळे तसंच म्हणून राहिलेत. "लई चांगली बाई व्हती." हॉटेलवर गजाननही म्हणतो. मेल्यावर माणूस एकदम बिनचूक होतो का? सोपानच्या बाबतीत तू चुकत होतीस. मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो.

तुझ्या अंगणवाडीतला सोपान पाण्याच्या माठाशेजारी बसायचा. बाकीचे नाचायचे, तो बघायचा. तू त्याला रोज ओढून मधे आणायचीस, गाणं म्हण म्हणायचीस, टाळ्या वाजव म्हणायचीस. तुझी पाठ वळली की तो पुन्हा माठाशेजारी.

"त्याला राहू दे ना आक्का. त्याला आवडतं तसं बसायला."

"गप बसायला कोणाला आवडतं रे?"

"मला."

"तुला आवडत न्हाई. तुला सवय हाय."

"आणि सोपानला काय आहे ते तुला कसं कळलं? त्याला विचारलंस कधी?"

"धा खेपा इचारलं. बोलतच न्हाई ना तो!"

मदतनीस मावशी हसून हसून डाळीच्या पातेल्याशेजारी खाली बसली. तू मात्र हसली नाहीस. हिंगोलीला जाताना एसटीत, परत येताना एसटीत, आपलं तेच चालायचं. तू म्हणायचीस, लेकरू गप्प आहे म्हणजे कोणीतरी त्याला गप्प केलंय. मी म्हणायचो, गप्प केलेलं लेकरू वेगळं आणि गप्प असलेलं वेगळं. तुझा गलका त्या दुसऱ्याला सोसत नाही. तू म्हणायचीस, मी माझंच दुखणं सोपानला चिकटवतो. कंडक्टर एकदा म्हणाला, "मावशी, ह्या लेकराला घरी तरी बोलू द्या, इथं तर तुमी बोलूच देऊन न्हाई राहिल्या." तू त्यालाही सोडलं नाहीस.

कॉलेजात परिषदेची सूचना लागली तेव्हा मी नुसता वाचून पुढं गेलो होतो. अंगणवाडीच्या सेविका, बालवाडीच्या शिक्षिका, प्राध्यापक, अधिकारी, सगळे येणार. आपण तिथं खुर्च्या मांडायला जाऊ, फार तर. तू मला हाताला धरून मागं आणलंस. "आपली दोघांची नावं दे."

"तिथं काय सांगायचं आपण?"

"सांगायचं काहून? भांडायचं. हेच. समद्यायसमोर. तू तुहं, म्या महं. जेवून आलेली माणसं झोपली तर मला इचार."

आणि आपलं सत्र मंजूर झालं. तू पेढे वाटलेस. मला मात्र त्या दिवसापासून झोप नीट लागत नव्हती. माईकसमोर मी कधी उभा राहिलेलो नव्हतो. मला एवढाच धीर होता की मी अडलो तर तू मधे बोलशीलच. तू न अडलेल्या माणसालाही मधे बोलायचीस.

शेवटच्या दिवशी फाट्यावर उतरताना मी तुला विचारलं होतं, "समज, एखादं लेकरू रडून रडून आत्ताच झोपलंय आणि बाकीचे ओरडून राहिलेत. तेव्हा काय करशील? म्हणशील ना गप्प बसा?" तू पायरीवर थांबलीस. मागचे लोक "उतरा की मावशी" म्हणून ओरडायला लागले. तुझ्याकडं लगेच उत्तर नाही असं मी कधी बघितलं नव्हतं. मनातून खूश झालो. तू म्हणालीस, "थांब. याचं उत्तर बराबर करून उद्या देते तुला."

दुसऱ्या दिवशी तुझ्या छातीत दुखायला लागलं. हिंगोलीपर्यंत गाडी पोचली नाही. बाकीचं मी लिहीत नाही. पण ते उत्तर काय होतं, आक्का? मी स्वतः शोधून बघितलं. मला सुचतं ते सगळं माझ्यासारखं असतं, तुझ्यासारखं नसतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेलो होतो. नवी सेविका येईपर्यंत मावशी एकटीच सगळं बघून राहिली आहे. गावातले एक वडीलधारे आप्पा तिथं आले होते. त्यांना वाटलं, लेकरांनाही काही संस्कार पाहिजेत. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "डोळे मिटा, हात जोडा. कोणी आवाज करायचा न्हाई. आक्का देवाघरी गेली."

चिंगीनं एक डोळा उघडला. "कवा येणार?"

"चूप."

"काहून चूप?"

"चूप म्हनलं ना!"

चिंगी माझ्याकडं बघत होती. तू म्हणायचीस, लेकराला खोटं सांगू नको, ते ध्यानात ठेवतं. मी तिच्यासमोर खाली बसलो. माझा आवाज फार बारीक निघाला असेल. मी म्हणालो, "आक्का मेली, चिंगे."

"मंग उद्या येईन का?"

"न्हाई."

"परवाच्याला?"

"कवाच न्हाई येणार आता."

तिनं जरा वेळ विचार केला. "मंग गानं कोण म्हनंन?" आणि मग ती रडायला लागली. आप्पांना शोभणार नाही असं, भोकाड पसरून. तिचं बघून दुसरं, मग तिसरं. मावशीही रडली. रांग मोडली. आप्पा "अरे, अरे" करत बाहेर गेले. तुझ्यासाठी त्या गावात जे काही झालं, त्यातलं तेवढंच मला खरं वाटलं. तिथं तू जिंकलीस. मी मान्य करतो.

पण सोपान रडला नाही. तो माठाशेजारी जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेलो, शेजारी टेकलो. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. आक्का, तो गप्प होता, पण घाबरलेला नव्हता. मी अगदी जवळून बघितलं. तुला हे दाखवायला पाहिजे होतं. तू म्हणाली असतीस, "तूच गप बसणारा, म्हून तुला तसं दिसलं." म्हण. मी ऐकून घेईन, पण मानणार नाही.

त्याच संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. तुझे मालक, आम्हा सगळ्यांचे मामा, अंगणात बसले होते. जे मनात होतं तेच बोललो. "मामा, परिषदेत आक्काशी भांडायचं ठरलं होतं. आता ती नाही तरी मी भांडू का? तुमाला राग नाही ना येणार?"

मामांनी वर बघितलं. त्या दिवसांत ते पहिल्यांदा थोडे हसले. "भांड. मला तर कदी जिकता आलं न्हाई. तुला जमलं तर सांगाया ये."

म्हणजे मामांची परवानगी माझ्याकडं होती, आणि मग परवा सरांचा तो फोन आला.

आई म्हणाली, "सायबाच्या तोंडी लागू नको बापा. हार घालाया सांगितलं, हार घाल आन ये." ती घाबरून म्हणते, हे मला कळतं. तिला दुखवायचं नव्हतं. तरी काल सकाळच्या गाडीनं हिंगोलीला गेलो आणि सरांच्या टेबलासमोर उभा राहिलो. सर वाईट नाहीत. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, कारण बसलो असतो तर उठून निघून आलो असतो.

"सर, मौन नको."

"अरे, पद्धत असते ती. आदर असतो."

"आक्का लेकरांना गप्प करण्याच्या विरोधात होत्या. त्यांच्यासाठी सगळ्यांना गप्प करणं..." हात ओठांकडं निघाला होता. मी तो टेबलावर ठेवला.

"तुझ्या भावना समजतात मला. पण सत्र दोघांच्या वादाचं होतं. एकटा तू वाद कोणाशी घालणार?"

"त्यांच्याशीच."

"गेलेल्या माणसाशी?"

"हो सर. त्या काय म्हणायच्या ते मला पाठ आहे. त्या जशा बोलायच्या तसंच सांगीन, न्हाई आणि व्हय सकट. मग मला काय पटत नाही ते सांगीन."

"हे श्रद्धांजलीत बसत नाही."

"म्हणून तर सत्र मागतोय."

सरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, जेवणानंतर, तुमच्या वेळेतली अर्धी देतो. मौन मात्र राहील. पाहुणे येणार आहेत, पत्रिका छापून झाली.

"मग मी हार घालणार नाही," मी म्हणालो. आणि थोड्या वेळानं म्हणालो, "सर."

दार उघडून बाहेर आलो. बसस्टँडवर पाणी प्यायलो. तुला फोन करावा म्हणून मोबाइल काढला. नंबर उघडला आणि मग आठवलं. अजून असं होतं.

तर आता असं आहे. शनिवारी सकाळी फोटोला दुसरं कोणी हार घालेल. सगळे उभे राहतील तेव्हा मी सभागृहाच्या बाहेर असेन, आणि बाहेर कोणी भेटलं तर त्याच्याशी तुझ्याबद्दल बोलत असेन. लोकांना ते उद्धटपणाचं वाटेल. वाटू दे. हार घातलेल्या फोटोशी कोणी वाद घालत नाही, आणि वाद न घालणारी शांताबाई मला ओळखीची नाही. ती त्यांची असेल. माझी नाही.

दुपारी मी माईकसमोर जाईन. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू. आधी तुझं म्हणणं मांडीन, जेवढ्या ताकदीनं तू मांडलं असतंस तेवढ्या ताकदीनं. त्यात कसर ठेवणार नाही, कारण तुझी बाजू लंगडी करून जिंकलो तर मामांना काय सांगू? मग माझं मांडीन. सोपानबद्दल सांगीन, त्याच्या हाताबद्दल सांगीन. एवढं झालं की तुझी पाळी येईल. तिथं तू पाहिजे होतीस. तू नाहीस, म्हणून मी समोर बसलेल्या सेविकांना विचारणार आहे, शांताआक्काच्या बाजूनं मला खोडून काढायला तुमच्यातलं कोण उठतं?

लगेच कोणी उठणार नाही, मला माहीत आहे. एकमेकींकडं बघतील. पुढच्या रांगेत अधिकारी असतील. सर घड्याळ दाखवतील. पण त्या बायका रोज तुझंच काम करतात. कुठलीतरी एक उठेल आणि मला म्हणेल, "सर, तुमचं चुकून राहिलं." ती उठेपर्यंत मी माईक सोडणार नाही.